जुन्या वॅगन आरचा साडेअठ्ठ्याहत्तर हजारांचा अंदाज: कोणते काम करावे, कोणते थांबवावे

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज होत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. गाडी नोव्हेंबर २०११ मध्ये नोंदवलेली वॅगन आर एलएक्सआय, पेट्रोल. २०२० मध्ये तुम्ही ती सांगलीत जुन्या बाजारातून घेतली आणि आता १ लाख १२ हजार किलोमीटर झाले आहेत. सकाळी चालू करताना दोन-तीन सेकंद ‘कर्र’ असा आवाज येतो. क्लच जड झाला आहे आणि पुण्याला जाताना खंबाटकी घाटात जळका वास आला. खड्ड्यात पुढून डावीकडे खडखडते, उभी असताना सगळी गाडी थरथरते, मायलेज अठरावरून चौदावर आले आहे, आणि एसी रस्त्यावर बरा चालतो पण गर्दीत थांबले की गरम वारा येतो. तीन महिन्यांत साधारण अठराशे किलोमीटर झाले आणि अर्धा लिटर ऑइल वरून घालावे लागले. गॅरेजने ७८,५०० रुपयांचा अंदाज दिला, एजंट गाडीला सव्वा लाख म्हणतो, आणि नोंदणीची पंधरा वर्षे नोव्हेंबर २०२६ मध्ये भरतात. एवढा खर्च करावा, की गाडी देऊन टाकावी, असे तुम्ही विचारता.

कराडला माझे गॅरेज सव्वीस वर्षे चालू आहे आणि या जातीच्या गाड्या आठवड्याला दोन-तीन तरी हाताखालून जातात, त्या अनुभवावर लिहितो. गाडी डोळ्यांनी पाहिलेली नाही, त्यामुळे माझ्या प्रत्येक वाक्यात एक ‘बहुधा’ धरून चाला. दर माझ्या गावचे आहेत. पुण्यात मजुरी याच्या दीडपट लागली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

तुम्ही पाठवलेला अंदाज सात ओळींचा आहे. हेडचे (इंजिनाच्या व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागाचे) काम आणि टायमिंग चेनचा संच २४,०००. एसी कॉम्प्रेसर गॅससह १९,०००. पुढचे शॉकअब (शॉक अब्सॉर्बर), लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि वरचे माउंट १३,५००. क्लच सेट ७,५००. रेडिएटर, वॉटर पंप आणि कूलंट ६,५००. इंजिन माउंटिंग ४,५००. आणि सर्व्हिस ३,५००. यातल्या पहिल्या दोन ओळी मिळून ४३,००० होतात, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि नेमक्या याच दोन ओळी कोणतीही चाचणी न करता लिहिलेल्या दिसतात. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजल्याचा उल्लेख नाही, एसीला गेज (दाब मोजायचे मीटर) लावल्याचा नाही. त्यामुळे ७८,५०० हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून ठेवायची की विकायची हे ठरवू नका. त्यातला किती भाग तपासून लिहिलेला आहे आणि किती अंदाजाने, हे आधी वेगळे करा.

इंजिनापासून सुरुवात करतो. २०१० मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या वॅगन आरमध्ये ९९८ सीसीचे तीन सिलिंडरचे के-टेन-बी इंजिन आहे. त्याआधीच्या चार सिलिंडरच्या १०६१ सीसी इंजिनाला टायमिंग बेल्ट होता आणि तो ठरावीक अंतराला बदलावाच लागे. तुमच्या इंजिनाला चेन आहे आणि तिला अशी ठरलेली मुदत नाही. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली उतरते, सकाळी दाब तयार व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात चेन खडखडते. ऑइल जुने, काळे, चिकट झालेले असेल किंवा कुणी जाड ग्रेडचे भरले असेल तर हा क्षण लांबतो आणि तुम्ही म्हणता तसे दोन-तीन सेकंद होतात. ‘जुनी गाडी आहे, जाड ऑइल टाका, कमी खाईल’ हा सल्ला आमच्या धंद्यात सर्रास दिला जातो आणि चेनच्या आवाजाच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात असे माझे मत आहे.

म्हणून आधी पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे चांगले ऑइल आणि अस्सल फिल्टर टाका, पाचशे किलोमीटर चालवा, पुन्हा बदला आणि मग सकाळचा आवाज ऐका. दोन्ही वेळचा खर्च मिळून चार हजारांच्या आत येईल. आवाज गेला किंवा अर्ध्यावर आला तर चेनला हात लावू नका. इंजिन गरम झाल्यावरही बॉनेटच्या एका बाजूने सतत साखळी ओढल्यासारखा आवाज येत असेल तर मात्र चेन, टेन्शनर आणि गाइड एकत्रच बदलावे लागतील. तो खर्च माझ्याकडे मजुरीसह अकरा-बारा हजारांच्या घरात जातो. शेजारी उभे राहून एक खात्री मात्र आधी करा: चावी फिरवताना येणारा ‘कर्र’ स्टार्टरचा असू शकतो. आवाज इंजिन पकडण्याच्या आधीचा आहे की नंतरचा, एवढ्या एका गोष्टीवरून दहा हजारांचा फरक पडतो.

आता हेडचे काम. अठराशे किलोमीटरला अर्धा लिटर म्हणजे हजार किलोमीटरला पाव लिटरहून थोडे जास्त ऑइल जाते आहे. लाखाच्या पुढे गेलेल्या इंजिनाला एवढ्यासाठी मी हेड उघडत नाही. ते जळते आहे की गळते आहे हे आधी पाहायचे. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा टाकून ठेवा. वरच्या झाकणाचे गॅस्केट, ऑइल प्रेशरचा स्विच आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातला मागचा ऑइल सील या तीन जागा जास्त करून गळतात आणि पहिल्या दोन तर हजार रुपयांत निपटतात. पुठ्ठा कोरडा राहिला तर मग जळते. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडा आणि उतार संपताच पुन्हा दाबा. त्या क्षणी निळसर धूर मागे दिसला तर व्हॉल्व्हचे सील कडक झाले आहेत. चढावर जोर लावताना सतत निळा धूर असेल तर संशय पिस्टनच्या रिंगांवर जातो.

याचा पक्का निकाल कॉम्प्रेशन गेज देते. तिन्ही प्लग काढायचे, इंजिन गरम असताना एकेका सिलिंडरचा दाब मोजायचा. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ असावेत, सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या दहा टक्क्यांच्या आत बसला तर मला चिंता वाटत नाही. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचे. आकडा चढला तर रिंग आणि बोअर झिजले आहेत, नाही चढला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. अर्ध्या तासाचे काम आहे, मी चार-पाचशे रुपये घेतो. २४,००० ची ओळ लिहिण्याआधी हे अर्ध्या तासाचे काम झालेच पाहिजे. नम्रपणे मागा, कुणी नाही म्हणत नाही. म्हटलेच तर दुसरीकडे जा. आणखी एक, ऑइलच्या झाकणाच्या आत पांढरट लोण्यासारखा थर दिसला म्हणून लगेच हेड गॅस्केट गेले असे धरू नका. पावसाळ्यात रोज चार किलोमीटर शाळेत जाऊन परत येणाऱ्या गाडीत इंजिन पुरते तापतच नाही आणि वाफेचा असा थर बसतो. कूलंट कमी होत असेल आणि डिपस्टिकवरही तोच रंग असेल तरच ती बाब गंभीर.

दुसरी मोठी ओळ कॉम्प्रेसरची. तुमचे लक्षण नीट वाचले तर ते कॉम्प्रेसरच्या विरुद्ध साक्ष देते. चालत्या गाडीत एसी गार करतो याचा अर्थ कॉम्प्रेसर दाब तयार करतो आहे. थांबल्यावर करत नाही याचा अर्थ कंडेन्सरला (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीला) वारा मिळत नाही. चालताना तो वारा समोरून फुकट येतो, उभे असताना पंख्याने ओढायचा असतो. पंख्याची मोटर मंदावली, रिले गेला किंवा कंडेन्सरची जाळी बुजली की हेच घडते. आपल्या भागात ऑक्टोबरपासून गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या जाळीत पाचटाचे तुकडे आणि कारखान्याची काजळी बसते, वर डांबरी धूळ आणि चिलटे. दोन हंगामांत जाळीचा नमदा होतो. गेल्या वर्षी कॉम्प्रेसरचा अंदाज हातात घेऊन आलेल्या एका गाडीचा पुढचा बंपर उतरवला तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मध्ये किराणा दुकानाची अख्खी पिशवी चिकटलेली निघाली. ती ओढून काढली, पाण्याने दोन्ही जाळ्या धुतल्या आणि त्या गृहस्थांकडून सहाशे रुपये घेतले.

हे घरीही तपासता येते. गाडी उभी करून एसी लावा, गरम वारा सुरू झाला की पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर बाटलीने हळूहळू पाणी शिंपडा. मिनिटभरात वारा गार झाला तर दोष पंखा किंवा कंडेन्सरचा आहे. पंखा सुरू होतो का, त्याचा जोर कसा आहे, हेही तेव्हाच दिसेल. हात मात्र लांब ठेवा. धुलाई, पंख्याची मोटर आणि गॅस पुन्हा भरणे मिळून साडेचार-पाच हजारांत हे काम होते. कंडेन्सरच फुटला असेल तर आणखी चार-साडेचार हजार. कॉम्प्रेसर बदलायची वेळ येते ती त्यातून धातूचा कीस निघत असेल, बेअरिंग ओरडत असेल किंवा गेजवर दाबच बनत नसेल तेव्हा.

क्लचबद्दल मात्र गॅरेजवाल्यांचे बहुधा बरोबर आहे, एका अटीवर. या गाडीचा क्लच केबलवर चालतो आणि पेडल जड होण्याचे पहिले कारण केबलच असते. २०१४ च्या सुमारास मी स्वतः एका गाडीला नवा क्लच सेट टाकून दिला आणि पेडल तसेच जड राहिले. केबलच्या आतल्या तारांचे दोन धागे तुटून आवरणात अडकले होते. पाचशे रुपयांच्या वस्तूसाठी मी त्या माणसाचे सहा हजार घालवले होते, मजुरी परत केली तरी ते मनात राहिले. पण तुमच्याकडे घाटात वासही आला आहे, म्हणून प्लेट घसरते का हे तपासा: सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीस असताना पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग मागे राहिला तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. गिअरबॉक्स उतरवलेलाच असतो, तेव्हा मघाशी सांगितलेला मागचा ऑइल सील त्याच वेळी नवा टाकून घ्या. सील काही शेकड्यांचा असतो, पण तो नंतर गळू लागला तर मजुरी पुन्हा पूर्ण द्यावी लागते. ७,५०० हा दर रास्त आहे. एरवी चालवताना पाय क्लचवर टेकवून ठेवण्याची सवय असेल तर नवा सेटही तीस हजार किलोमीटरांत जाईल.

थरथरीचे उत्तर सोपे आहे. तीन सिलिंडरचे इंजिन जन्मतःच थोडे थरथरते, त्यामुळे त्याला धरणारे रबरी माउंटिंग बसले की सगळी गाडी हलते. पण आधी प्लग, थ्रॉटल बॉडी आणि तिन्ही इग्निशन कॉइल पाहायला सांगा. एक कॉइल कमजोर असली तरी उभी गाडी अशीच हादरते आणि तुम्ही म्हणता तसे मायलेज अठरावरून चौदावर येते. त्यानंतरही थरथर राहिली तर माउंटिंग बदला.

पुढच्या खडखडीसाठी १३,५०० चा सरसकट संच कशाला, हे मला कळले नाही. गाडी लिफ्टवर घेऊन लोअर आर्मच्या बुशात पहार घालून हलवली की बुश फाटला आहे का ते तिथेच दिसते. बॉल जॉइंट चाक वरखाली हलवून कळतो. शॉकअबवर ऑइलचा ओघळ असेल किंवा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा झुलत असेल तर शॉकअब गेले. खडखड फक्त डावीकडून आहे, तेव्हा बहुधा डाव्या आर्मचा बुश आणि वरचे माउंट. शॉकअब बदलायचे झाले तर दोन्ही एकत्र, पण आर्मला तो नियम लागू नाही. काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या.

रेडिएटर आणि वॉटर पंपाच्या ओळीबद्दल एवढेच विचारतो: पाणी कमी होते, गाडी तापते, असे तुम्ही कुठेच लिहिलेले नाही, मग ही ओळ आली कुठून? जुने कूलंट काढून नवे भरा आणि प्रेशर टेस्ट करा. गळत नसेल तर पुढे.

एवढ्या सगळ्यातून सर्व्हिस, क्लच, एसीची दुरुस्ती, माउंटिंग, एका बाजूचे सस्पेन्शन आणि कूलंट अशी खरी बेरीज माझ्या हिशोबाने २८ ते ३४ हजारांत येते. कॉम्प्रेशन वाईट निघाले तर त्यात २५ ते ३५ हजार वाढतील आणि मग चित्र बदलेल. अंदाज जुन्या दरपत्रकावरून काढलेला असेल तर तेही पाहा: २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. काढलेले जुने भाग परत मागून घ्या, म्हणजे काय बदलले याची शंका राहत नाही.

आता ज्याची ओळ अंदाजात नाही आणि जिच्यावर माझा निर्णय सर्वांत जास्त अवलंबून असतो ती गोष्ट. गाडीचे भाग बदलता येतात, पत्रा बदलता येत नाही. जॅक लावायच्या जागा, दारांखालचे सिल, मागच्या चाकांच्या कमानी, पुढच्या शॉकअबचे वरचे बुरूज आणि स्टेपनीखालचा तळ या जागी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक. भसका पडला तर या गाडीवर पाच हजारांपेक्षा जास्त घालू नका.

त्यात तुमची गाडी सांगलीची, २०२० मध्ये घेतलेली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा पूर शहरात शिरला, तेव्हा बुडालेल्या कितीतरी गाड्या पुढच्या वर्ष-दीड वर्षात धुऊन-पुसून बाजारात आल्या; जुलै २०२१ नंतर चिपळूणच्या गाड्यांचेही तेच झाले. पुढच्या सीटचा पट्टा शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढा. एरवी कधीच बाहेर न येणाऱ्या त्या शेवटच्या हातभर पट्टीवर मातकट आडवी रेघ दिसली तर गाडी पाण्यात होती. चालकाच्या पायाखालचा गालिचा उचलून सीटच्या रुळाचे बोल्ट पाहा, डॅशखालच्या वायरिंगच्या कपलरवर हिरवट थर आहे का पाहा. या मॉडेलच्या इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा कॉलम आणि इंजिनाचा कंट्रोलर पाण्यानंतर लगेच जात नाहीत, पाच-सहा वर्षांनी एकेक करून जातात, आणि नवा कॉलम वीस हजारांच्या पुढे आहे. अशी खूण सापडली तर, कॉम्प्रेशन कितीही चांगले असले तरी, मी तुम्हाला गाडी द्या असेच म्हणेन. आणि घेणाऱ्याला ते सांगून द्या.

नोंदणीची भीती मात्र लोकांनी उगाच वाढवली आहे. दिल्लीचे पेट्रोल गाड्यांचे पंधरा वर्षांचे बंधन आपल्याकडे नाही. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत नमुना २५ भरून अर्ज करायचा, गाडी आरटीओत दाखवायची, योग्य ठरली तर पाच वर्षे वाढतात. मोटारीचे नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये आहे, वीस वर्षांपुढे ते दुप्पट होते. पर्यावरण कर वेगळा, तो परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा क्रमांक घालून पाहता येतो. उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावलेली नसेल तर तिचे ७४५ रुपये आणि जीएसटी. म्हणजे नूतनीकरणासाठी म्हणून ही सगळी दुरुस्ती केलीच पाहिजे असे नाही, पण ब्रेक, दिवे, धूर आणि स्टिअरिंगचे काम त्याआधी संपलेले असावे.

पेट्रोलबद्दलही एक सांगून ठेवतो. आता पंपावर येणारे ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवून ही गाडी बनवलेली नाही. एप्रिल २०२३ नंतरच्या नव्या गाड्या त्यासाठी तयार असतात. इंजिन लगेच बिघडते असे मी पाहिलेले नाही, पण टाकीपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप आणि त्यांचे सांधे दर सर्व्हिसला हाताने दाबून पाहायला सांगा. ओल किंवा तडा दिसला की पाइप बदला, तिथे काटकसर नको.

विकायचे की ठेवायचे याचा पैशांतला हिशोब असा करतो. पाच लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी घेतले तर महिना साडेदहा हजारांचा हप्ता बसतो. तीस-चौतीस हजारांची दुरुस्ती म्हणजे तीन-सव्वातीन हप्ते. महिन्याला सहाशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीसाठी, पत्रा टणक आणि तिन्ही सिलिंडर सारखे असतील तर, मी डोळे झाकून दुरुस्ती करीन. एका बाबतीत मात्र हा हिशोब अपुरा आहे. तुमच्या एलएक्सआयमध्ये एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) नाही आणि एअरबॅगही नाहीत; एबीएस आणि चालकाची एअरबॅग २०१९ पासून नव्या गाडीत सक्तीची झाली. शाळा, बाजार, मिरजेपर्यंतची ये-जा एवढेच काम असेल तर ठीक. पण दर पंधरा दिवसांनी मुलांना घेऊन महामार्गाने पुण्याला जाणे होत असेल तर दुरुस्ती स्वस्त पडते एवढ्यावर थांबू नका. ते तुम्ही लिहिलेले नाही, आणि तो निर्णय घरातच व्हायला हवा.

क्रम असा ठेवा: आधी पट्टा, गालिचा आणि पत्रा, ते घरी फुकट होते, मग कॉम्प्रेशन, मग ऑइल आणि एसीची धुलाई, क्लच त्यानंतर. कॉम्प्रेशनचे तिन्ही आकडे आणि ऑइल घालून पुन्हा मोजले असतील तर तेही लिहून पाठवा. सोबत सकाळचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा, चावी फिरवण्याच्या आधीपासून, बॉनेट उघडे ठेवून.